सायक्लोक्रॉससाठी फ्रेम कशाची घ्यावी?

प्रश्न : गेले दोन हंगाम मी मित्राकडून उसन्या घेतलेल्या पोलादी सायकलवर सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवताच्या वळणदार मार्गावरच्या, शर्यतींत भाग घेत आहे. आता स्वतःची सायकल घ्यायची आहे. साठवलेल्या पैशांत कार्बनच्या फ्रेमची एक उत्तम सायकल येते किंवा ॲल्युमिनिअमच्या दोन साध्या सायकली येतात. बरोबरचे स्पर्धक म्हणतात, की कार्बनच घ्यावी, कारण ॲल्युमिनिअम अंगाला हादरे देते आणि काही वर्षांत तडकते. एका जुन्या कारागिराने मात्र पोलादी फ्रेम मापाने बनवून घेण्याचा सल्ला दिला आहे. माझे वजन 65 किलो आहे. सायकल धुणे, उघडणे आणि जोडणे मी स्वतःच करतो. शर्यतीच्या दिवशी मदतीला धाकटा भाऊ असतो. मी काय घ्यावे?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून मी ॲल्युमिनिअमच्या दोन सायकली घ्यायला सांगेन, आणि त्या दोन्ही एकाच मापाच्या व एकाच जोडणीच्या असाव्यात असा आग्रहही धरेन. आपले स्पर्धक आणि तो कारागीर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, त्यामुळे माझे कारण जरा विस्ताराने मांडतो.

सायक्लोक्रॉसमध्ये सायकलला जे सोसावे लागते, ते रस्त्यावरच्या शर्यतीत कधीच सोसावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांनुसार शर्यतीचा मार्ग 2.5 ते 3.5 किलोमीटरचा असतो, आणि त्या वळणावळणाच्या मार्गावरून वरिष्ठ गटातील पुरुष सुमारे तासभर फेऱ्या मारतात. वाटेत चिखल, ओले गवत, वाळू, पायऱ्या आणि 40 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या असतात, आणि कित्येक ठिकाणी स्वाराला उतरून, सायकल खांद्यावर टाकून पळावे लागते. चिकट मातीच्या दिवशी एका फेरीत टायर, ब्रेक आणि चेनभोवती इतका चिखल जमतो, की गिअर नीट बदलत नाहीत आणि सायकल उचलताना हाताला ती वेगळीच वाटू लागते. म्हणूनच या खेळात पिटची सोय असते. तिथे स्वार चिखलाने माखलेली सायकल मदतनिसाच्या हाती देतो, धुतलेली दुसरी सायकल घेतो, आणि तो पुढची फेरी मारेपर्यंत मदतनीस पहिली सायकल धुऊन, चेनला तेल घालून तयार ठेवतो. फार चिखल असेल तर आघाडीचे स्वार दर अर्ध्या फेरीला सायकल बदलतात. सायकल बदलण्याची मुभा फक्त पिटमध्येच असते, त्यामुळे मार्गात कुठेही डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तुटला तर सायकल खांद्यावर घेऊन पिटपर्यंत धावणे एवढेच हाती राहते. धावत तिथे पोहोचल्यावर भावाच्या हातात दुसरी सायकल नसेल, तर शर्यत तिथेच संपते. फ्रेम कितीही उत्तम असली तरी हे नुकसान ती भरून काढू शकत नाही. म्हणून भाऊ मदतीला येतो हे आपण लिहिलेले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

आता वजनाचे पाहू. चांगल्या ॲल्युमिनिअमच्या फ्रेमचे वजन साधारण 1300 ते 1600 ग्रॅम असते आणि शर्यतीच्या कार्बन फ्रेमचे 900 ते 1100 ग्रॅम. म्हणजे फरक सुमारे अर्धा किलो धरावा. आपण 65 किलोचे आणि सायकल साडेआठ किलोची धरली, तर हा फरक एकूण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी होतो, आणि पहिल्याच चिखलात सायकलला चिकटणारी माती त्याहून जड असते. तरीही हा अर्धा किलो नगण्य आहे असे मी म्हणणार नाही. सायक्लोक्रॉसमध्ये प्रत्येक वळणानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो, फळ्यांवरून सायकल उचलावी लागते, चढावर ती खांद्यावर वाहावी लागते, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत हलकी सायकल जाणवतेच. ज्याच्याकडे दोन कार्बन सायकलींची सोय आहे त्याने त्या आनंदाने घ्याव्यात. आपल्यापुढे मात्र एक की दोन हा प्रश्न आहे, आणि तिथे माझ्या मते दोन हा आकडा वजनावर मात करतो.

हादऱ्यांबद्दलचा समज कुठून आला हेही समजून घ्यावे. तीन धातूंचे आकडे शेजारी ठेवले तर एक गंमत दिसते. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 7.85 ग्रॅम, टायटॅनिअमची 4.5 आणि ॲल्युमिनिअमची 2.7 असते. त्यांचा ताठरपणा अनुक्रमे सुमारे 200, 110 आणि 70 गिगापास्कल असतो. म्हणजे वजनाच्या प्रमाणात पाहिले तर तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ आहेत. फरक पडतो तो नळीच्या व्यासाने. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. पोलादी नळीचा व्यास असा वाढवायचा आणि वजनही आवरायचे, तर भिंत इतकी पातळ करावी लागते की ती डब्याच्या पत्र्यासारखी चेपू लागते. ॲल्युमिनिअम हलके असल्याने त्याच वजनात भिंत पुरेशी जाड ठेवूनही नळी रुंद करता येते. म्हणून ॲल्युमिनिअमच्या सायकली रुंद नळ्यांच्या आणि ताठ झाल्या, आणि अशा सायकली नव्या होत्या त्या काळच्या अरुंद, दगडासारख्या फुगवलेल्या टायरांवर त्यांचे हादरे खरोखरच हाडांपर्यंत पोहोचत. त्या अनुभवाची आठवण अजून सांगितली जाते.

सायक्लोक्रॉसमध्ये मात्र टायर 33 मिलिमीटरपर्यंत रुंद असतो, कारण यूसीआयने तीच कमाल मर्यादा ठरवली आहे, आणि त्यातली हवा बहुधा दीड बारच्या आसपास, चिखलात त्याहूनही कमी ठेवली जाते. असा टायर झाडाच्या मुळावरून जाताना कित्येक मिलिमीटर दबतो, सीट धरणारा दांडा, म्हणजे सीटपोस्टही थोडा मागे वाकतो, आणि त्रिकोणांनी बांधलेली फ्रेम उभ्या दिशेने मात्र फारच थोडी दबते, मग ती कशाचीही असो. म्हणून आपल्याला हादरे कमी करायचे असतील तर मऊ बांधणीचा चांगला टायर, हवेचा दाब मोजणारे अचूक यंत्र आणि 27.2 मिलिमीटर व्यासाचा सीटपोस्ट बसणारी फ्रेम या तीन गोष्टींवर आधी खर्च करावा. दाबातला थोडासा बदल शरीराला जितका जाणवतो, तितका फ्रेमच्या पदार्थातला बदल जाणवत नाही, हे मी एकाच चाकांची जोडी वेगवेगळ्या फ्रेमना लावून पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तडकण्याची भीती अधिक गंभीर आहे, कारण तिच्यामागे खरे शास्त्र आहे. धातू वारंवार ताणला आणि सोडला गेला की थकतो. पोलाद आणि टायटॅनिअम यांच्या बाबतीत ताणाची एक अशी पातळी असते, की तिच्याखाली कितीही आवर्तने झाली तरी व्यवहारात बिघाड होत नाही. ॲल्युमिनिअमला अशी सुरक्षित पातळी नसते, त्यामुळे लहान ताणसुद्धा आपली नोंद ठेवून जातो. यावर उपाय म्हणून रचनाकार नळ्या रुंद करून आणि जोडांपाशी भिंत जाड ठेवून मुळात ताणच इतका कमी ठेवतात, की थकव्याची वेळ स्पर्धकाच्या वापराच्या वर्षांपलीकडे जावी. 1970 आणि 1980च्या दशकांत इटलीतील ॲलन या कंपनीच्या ॲल्युमिनिअमच्या फ्रेम सायक्लोक्रॉसच्या मोठ्या शर्यतींत सर्रास दिसत, आणि त्या तर वेल्डिंग न करता आटे पाडून व चिकटवून जोडलेल्या असत. त्या हलक्या होत्या, गंजत नव्हत्या, आणि चिखलाच्या खेळाला एवढे पुरेसे होते. आजच्या वेल्ड केलेल्या फ्रेममध्ये बहुधा 6061 किंवा 7005 मालिकेचा मिश्रधातू असतो. त्यातील 6061ला वेल्डिंगनंतर पूर्ण उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, नाहीतर जोडाजवळची नळी मऊ राहते. म्हणून अनोळखी कारखान्याची फार स्वस्त फ्रेम टाळावी, आणि घेतलेली फ्रेम दर वेळी धुतल्यावर हेडट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) मागे, बॉटम ब्रॅकेटभोवती (पॅडलचा आस बसतो त्या जागेभोवती) आणि डिस्क ब्रेकच्या बैठकीपाशी पुसून नीट पाहावी. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि पुढच्या आठवड्यात ती लांबली, तर त्या फ्रेमवर पुन्हा बसू नये. ॲल्युमिनिअमच्या तड्यावर वरून वेल्डिंग करून घेण्याचा मोहही टाळावा, कारण मूळची उष्णता-प्रक्रिया त्या उष्णतेने वाया जाते.

कारागिराचा सल्ला मी मनापासून मानतो, पण तो वेगळ्या गरजेवरचा उपाय आहे. ज्याच्या शरीराची ठेवण तयार मापांत बसत नाही, म्हणजे पाय लांब आणि धड आखूड आहे, किंवा उंची फारच कमी वा जास्त आहे, त्याने मापाची पोलादी फ्रेम घ्यावी, कारण चुकीच्या मापाची हलकी फ्रेम काहीच कामाची नाही. पोलादी फ्रेम बहुधा 1800 ते 2200 ग्रॅमची होते, तिचा डिरेलर धरणारा हँगर वाकला तर सरळ करता येतो, तडकलेली नळी बदलता येते, आणि एकच सायकल शर्यतीला, सरावाला व रोजच्या प्रवासाला वापरणाऱ्याला ती वर्षानुवर्षे साथ देते. आपल्याला तयार माप बसत असेल, तर मात्र त्या खर्चात दुसरी सायकल सुटेल.

फ्रेम निवडताना पदार्थाच्या नावाइतकेच, किंबहुना जास्तच, काही गोष्टींकडे बारकाईने पाहावे. 33 मिलिमीटरचा टायर बसवल्यावर चेनस्टे व सीटस्टे (मागच्या चाकाच्या बाजूंच्या खालच्या व वरच्या नळ्या) आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) यांच्याशी दोन्ही बाजूंना बोट सहज फिरेल एवढी जागा हवी, विशेषतः बॉटम ब्रॅकेटच्या मागे, कारण चिखल आधी तिथेच दाटतो. तिथे आडवी सपाट पट्टी असेल तर माती तिच्यावर थापली जाऊन बसते. वरची नळी खालून सपाट आणि रुंद असावी, तिच्याखालून केबल जात नसावी, आणि पुढच्या त्रिकोणात हात घालून सायकल खांद्यावर घेता येईल इतकी मोकळी जागा असावी. हे दुकानात उभ्या उभ्या करून पाहता येते, आणि ते करताना संकोच बाळगू नये. बॉटम ब्रॅकेट आट्यांचे असेल तर मी ते नेहमी पसंत करतो, कारण दाबून बसवलेली बेअरिंग पाणी आणि बारीक वाळू शिरली की कुरकुरतात आणि ती पुन्हा पुन्हा काढावी लागतात. फोर्क कार्बनचा असावा. तिथे वजन वाचते, आणि ॲल्युमिनिअमच्या फ्रेमबरोबर आज बहुतेक वेळा तोच येतो. दोन्ही सायकलींचे ॲक्सल, डिस्कचा व्यास, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि पॅडल एकसारखे ठेवावेत, म्हणजे चाके कोणत्याही सायकलला लागतील आणि पिटमधून निघताना पायाला व हाताला नव्याने काही शिकावे लागणार नाही. यूसीआयच्या यादीतील शर्यतींत उतरण्याचा विचार असेल, तर फ्रेमवर आणि फोर्कवर त्या संघटनेच्या मान्यतेचे चिन्ह आहे का हेही विचारून घ्यावे. 2011 पासून नव्या मॉडेलांसाठी ती पद्धत सुरू झाली आहे. तिथे सायकलचे किमान वजन 6.8 किलो असण्याचाही नियम आहे, पण आपल्या निवडीत त्याची अडचण येणार नाही.

प्रश्न : एका स्पर्धकाकडून वापरलेली कार्बनची सायक्लोक्रॉस सायकल मिळत आहे. वरून ती नव्यासारखी दिसते. चिखलात पडझड झालेली कार्बन फ्रेम ओळखायची कशी?

उत्तर : कार्बन फायबरची फ्रेम म्हणजे धाग्यांचे थर राळेत बसवून केलेली बांधणी असते. धाग्यांच्या दिशेने ती अतिशय बळकट असते, पण बाजूने बसलेल्या टोकदार आघाताने थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा रंग जवळजवळ तसाच राहतो. धातू चेपला की दिसतो, कार्बन मात्र लपवतो. म्हणून वरून नव्यासारखी दिसण्यावर जाऊ नये.

सायकल आधी पूर्ण धुऊन, कोरडी करून, उजेडात पाहावी. सायक्लोक्रॉसमध्ये नुकसान बहुधा ठरावीक जागी होते. पडताना हँडल गर्रकन फिरून वरच्या नळीवर आपटते, त्यामुळे हेडट्यूबपासून वीतभर अंतरावरचा भाग दोन्ही बाजूंनी तपासावा. चेन निसटून अडकते, तेव्हा ती उजव्या चेनस्टेला चेनरिंगच्या मागे खरवडते. टायर आणि चेनस्टे यांच्यामध्ये दाटलेला चिखल वाळूच्या कागदासारखा काम करतो आणि आधी रंग, मग राळ, मग धागेच झिजवत नेतो. या आतल्या बाजूला बोट फिरवून खड्डा लागतो का ते पाहावे. तिथे काळे धागे उघडे दिसत असतील तर ती फ्रेम सोडून द्यावी किंवा दुरुस्तीचा खर्च धरूनच बोलणी करावी. सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून विजेरीने आत पाहावे, कारण अति आवळलेल्या क्लॅम्पमुळे सीटट्यूबच्या तोंडाशी उभी चीर जाते. सीटपोस्ट निघतच नसेल, तर ॲल्युमिनिअमचा पोस्ट कार्बनच्या नळीत ओलाव्याने धरला गेला असण्याची शक्यता मोठी असते.

नाण्याने हलके टकटक करून आवाज ऐकण्याची पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो हे खरे, परंतु भिंतीची जाडी मुळातच बदलत जात असल्याने निरोगी फ्रेममध्येही आवाज बदलतो. म्हणून डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर एखादी जागा मऊ लागली तर ती निश्चित दोषाची खूण समजावी. शंका उरल्यास अल्ट्रासाउंडने फ्रेम तपासणारे तज्ज्ञ असतात, आणि फ्रेमच्या नळ्यांची दुरुस्ती जाणकाराकडून उत्तम होऊ शकते.

फोर्कच्या बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. स्टेम (हँडल धरणारा भाग) सोडवून फोर्क खाली उतरवावा आणि स्टीअररची, म्हणजे फोर्कच्या वरच्या टोकाची, नळी वरपासून खालपर्यंत पाहावी. तिथे ओरखडा, चीर किंवा दाबल्याची खूण असेल, तर दुरुस्तीचा विचार न करता नवा फोर्क घ्यावा. उतारावर फोर्क तुटला तर स्वार थेट तोंडावर पडतो. विकणारा फोर्क उतरवू देत नसेल, तर व्यवहार करू नये.

प्रश्न : माझी फ्रेम पोलादी आहे. शर्यतीनंतर प्रेशर वॉशरने धुतो. ती आतून गंजेल का?

उत्तर : काळजी घेतली नाही तर गंजेल, आणि प्रेशर वॉशर हे त्याचे मोठे कारण ठरेल. त्याचा झोत सीटपोस्टच्या फटीतून आणि बाटलीच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत ढकलतो, शिवाय हब, हेडसेट आणि बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढतो. झोत दुरून आणि वरून खाली धरावा, बेअरिंगच्या बाजूने आडवा कधीच मारू नये. शर्यत चालू असताना पिटमध्ये घाईने धुवावे लागते हे मान्य आहे, पण घरी बादली, ब्रश आणि पाइपचे साधे पाणी पुरते.

धुतल्यानंतर सीटपोस्टवर खूण करून तो काढावा आणि सायकल रात्रभर उलटी टांगून ठेवावी. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निथळायचे भोक असते, ते चिखलाने बुजलेले नाही ना हे पाहावे. हंगामाच्या आधी फ्रेम पूर्ण मोकळी करून नळ्यांच्या आत गंजरोधक मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारावा, फ्रेम सर्व बाजूंना फिरवून तो आत पसरू द्यावा आणि दोन दिवस सुकू द्यावा. ॲल्युमिनिअमचा सीटपोस्ट असेल तर दर महिन्याला तो काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा, नाहीतर तो आत कायमचा बसतो. बाहेरचा रंग खडा लागून उडाला असेल तर तेवढ्यावर लगेच रंग लावावा. रंगावरचा गंज दिसतो म्हणून त्याचा फार धोका नसतो. खरा गंज चेनस्टेच्या आत, बॉटम ब्रॅकेटच्या जवळ धरतो.

प्रश्न : टायटॅनिअमची फ्रेम आयुष्यभर टिकते असे ऐकले. शर्यतीसाठी ती योग्य आहे का?

उत्तर : टायटॅनिअम गंजत नाही, त्याला रंग देण्याची गरज नसते, आणि चिखलाने घासून निघाल्यावर साफ करून ते पुन्हा पूर्ववत दिसते. फ्रेम साधारण 1400 ते 1700 ग्रॅमची होते. बहुतेक नळ्या तीन टक्के ॲल्युमिनिअम आणि अडीच टक्के व्हेनेडिअम असलेल्या मिश्रधातूच्या असतात, आणि असा मिश्रधातू विमानांतील द्रवदाबाच्या नळ्यांसाठीही वापरला जातो. मात्र तापलेले टायटॅनिअम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या बाहेर आणि आतही आर्गॉन वायूचे आवरण ठेवावे लागते. ज्या कारागिराच्या जोडांचा रंग स्वच्छ चंदेरी असतो त्याच्याकडूनच फ्रेम घ्यावी. निळसर आणि विशेषतः राखाडी, निस्तेज जोड हे वायूचे आवरण अपुरे पडल्याचे चिन्ह आहे.

आयुष्यभर टिकण्याबद्दल मात्र थोडा विचार करावा. यूसीआयने 2010 मध्ये सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क ब्रेकना परवानगी दिली, त्यानंतर काही वर्षांत कँटिलिव्हर ब्रेकच्या (चाकाच्या रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) बैठका असलेल्या फ्रेम शर्यतीतून मागे पडल्या, आणि पुढे चाक धरणाऱ्या क्विक रिलीजच्या जागी 12 मिलिमीटरचे, आरपार जाणारे थ्रू-ॲक्सल आले. त्या काळात घेतलेल्या कित्येक टायटॅनिअम फ्रेम आजही धडधाकट आहेत, पण त्यांना नवी चाके बसत नाहीत. म्हणून दोन-तीन हंगाम शर्यत करून स्वतःचे माप, हँडलची उंची आणि बसण्याची ठेवण पक्की झाल्यावरच टायटॅनिअमचा विचार करावा, आणि मागणी देताना थ्रू-ॲक्सल, आट्यांचे बॉटम ब्रॅकेट आणि बदलता येणारा हँगर मागून घ्यावा. सीटपोस्टला मात्र इथेही ग्रीस किंवा धातू धरू न देणारी पेस्ट लावावीच लागते, कारण ॲल्युमिनिअमचा पोस्ट टायटॅनिअमच्या नळीतही धरला जातो.